एक एकर घरधनिणीच्या विचाराने

अहमदपूर तालुक्यातील कोणत्याही शिवारात आषाढ-श्रावणात फेरी मारली, तर खुरपणीच्या पातीवर बहुतेक स्त्रियाच दिसतात. निंदणी, वेचणी, उफणणी आणि बियाणे राखणे ही कामे त्यांच्याच हातची. मात्र काय पेरावे, किती विकावे, कर्ज काढावे की नाही, हे ठरविताना त्यांना सहसा कोणी विचारीत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर तर त्यांचे नाव क्वचितच आढळते. कष्ट एकाचे व निर्णय दुसऱ्याचा, या वाटणीचे परिणाम घराच्या ताटापर्यंत पोचतात. या कोरडवाहू पट्ट्यात सोयाबीनचा पेरा वाढला, तसतशी ज्वारी, मूग, उडीद व मटकी मागे पडली. सोयाबीन बाजारात जाते आणि डाळ-भाजी बाजारातूनच विकत आणावी लागते. पाऊस हुकला म्हणजे दोन्हीकडून खोट.

ही वाटणी बदलता येते, हे आपल्या लातूर व शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांनी दाखवून दिले आहे. त्या कामाचा उगम शेतीत नसून भूकंपात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप होऊन हजारो माणसे दगावली. त्यानंतर घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीचा जो शासकीय कार्यक्रम निघाला, त्यात गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. भूकंपात टिकेल असे बांधकाम कसे करावे, अनुदान कसे मिळते, हे त्या गावकऱ्यांस समजावून सांगत आणि गावाची अडचण अधिकाऱ्यांपुढे मांडीत. या कामास वळण देणाऱ्या प्रेमा गोपालन यांनी पुढे 1998 मध्ये ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था स्थापन केली. 2022 मध्ये त्या निवर्तल्या. ज्या बाईने एकदा अभियंत्यास प्रश्न विचारले, ती पुढे बँकेच्या व्यवस्थापकापुढे बोलावयास कचरत नाही. नेतृत्वाचे शिक्षण याहून निराळे असते असे आम्हांस वाटत नाही.

2012 नंतर दुष्काळाची वर्षे लागोपाठ आली. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. या काळात सदर संस्थेने ‘एक एकर’ पद्धतीचा प्रसार केला. घरच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर तुकडा गृहिणीने कुटुंबाकडून मागून घ्यावयाचा आणि त्यात काय पेरावे हे तिनेच ठरवावयाचे. ज्वारी-बाजरी, तूर, मूग, उडीद, तीळ, पालेभाज्या अशी अनेक पिके त्यात एकत्र घेतली जातात. त्यांची मुळे निरनिराळ्या खोलीवर जातात व पक्व होण्याचा काळही वेगळा असतो. म्हणून एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागते. गांडूळखत, जीवामृत व घरचे बियाणे यांमुळे रोख खर्च कमी होतो. आधी घरची गरज भागवून उरलेले विकावयाचे, हा या पद्धतीचा कणा होय. तुळजापूर तालुक्यातील गंधोरा येथील गोदावरी डांगे या कामातील अग्रणी कार्यकर्त्या आहेत. 2016 मध्ये संस्थेस संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. पहिल्या वर्षी बांधाकडेचा हलका तुकडाच वाट्यास येईल, हे गृहीत धरावे. मटकी व हुलगा तेथेही येतात.

उरलेला माल विकावयाचा म्हणजे व्यापार आलाच. 2006 च्या सुमारास याच संस्थेने एका ब्रिटिश तेल कंपनीबरोबर कमी धुराच्या चुलीचा व्यवसाय सुरू केला. शेतातील टाकाऊ मालाच्या वड्या तीत जळत आणि विक्रीचे काम गावच्या स्त्रिया करीत. पुढे कंपनीने तो धंदा दुसरीकडे सोपविला, वड्यांचा भाव चढला आणि घरोघरच्या त्या चुली थंडावल्या. विक्री स्त्रियांची असली, तरी भाव ठरविणे त्यांच्या हाती नव्हते.

यास्तव स्त्रियांनी स्वतःची उत्पादक कंपनी काढणे इष्ट होय. 2003 मध्ये कायद्यात तशी तरतूद झाली. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी नोंदविता येते. संचालक पाच ते पंधरा असतात, आणि व्यक्ती-सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असले तरी मत एकच. 2013 च्या कंपनी कायद्याने भांडवली बाजारात नोंदलेल्या कंपन्यांस किमान एक स्त्री संचालक, तर ठरावीक मर्यादेवरील मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चणे बंधनकारक केले. गावच्या लहान कंपनीवर यांपैकी कोणतीही सक्ती नाही. तेथे सभासदांनीच हे ठरवावयास हवे. वजन चोख असणे, पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा होणे आणि विधवा व परित्यक्तांस सभासदत्व मिळणे, एवढे तरी आरंभीच लिहून ठेवावे.

सभासद होण्यास जमीन नावावर असलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. त्यास उत्पादक असणे पुरते. तथापि पुढे कर्जाच्या वेळी उताऱ्याची अडचण येतेच. पतीच्या हयातीत, त्याच्या संमतीने पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना शासनाने 1992 मध्ये जाहीर केली होती. इच्छुकांनी महसूल कार्यालयात तिची चौकशी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वीच्या महिला सभेत हा विषय ठेवावा आणि एक एकर मागणाऱ्यांची नावे तेथेच लिहून घ्यावीत. मटकी-हुलग्याचे गावरान बियाणे कोणाच्या घरी शिल्लक आहे, हेही त्याच सभेत कळेल.