अमेरिकेतील संघीय न्यायाधीशपदाची वाट

अमेरिकेच्या संघीय, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांत न्यायाधीश होण्यासाठी स्पर्धा परीक्षा नसते आणि राज्यघटनेने वयाची किंवा कायद्याच्या पदवीचीही अट घातलेली नाही; राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवावे आणि सिनेटने, म्हणजे तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, त्यास संमती द्यावी, एवढे नेमणुकीस पुरते. प्रत्यक्षात मात्र ही वाट वकिलीतूनच जाते. उदाहरणार्थ, सोनिया सोटोमायोर यांनी 1979 मध्ये येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतल्यावर मॅनहॅटनमध्ये सरकारी वकील म्हणून फौजदारी खटले चालवले, 1984 पासून खासगी वकिलीत बनावट मालाविरुद्धचे दावे हाताळले, आणि 1992 मध्ये त्या न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयात, म्हणजे जेथे साक्षीपुरावे नोंदवले जातात त्या पहिल्या पायरीवर, रुजू झाल्या. त्यांची शिफारस डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर मॉयनिहन यांनी केली होती, तर नामनिर्देशन रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी केले. राज्यघटनेत कोठेही न लिहिलेल्या, सिनेटरच्या अशा शिफारशीवाचून जिल्हा न्यायालयांच्या नेमणुकांचे पान सहसा हलत नाही. 1995 मध्ये बेसबॉल संघांच्या मालकांविरुद्ध त्यांनी दिलेल्या मनाई हुकमाने खेळाडूंचा लांबलेला संप मिटला आणि त्यांचे नाव देशभर झाले. 1998 मध्ये त्या अपील न्यायालयात गेल्या आणि 2009 मध्ये सिनेटच्या 68 विरुद्ध 31 मतांनी सर्वोच्च न्यायालयात पोचल्या. या पदांना निवृत्तीचे वय नाही. वर्तन चांगले असेतो पद टिकते आणि महाभियोगाखेरीज ते काढून घेता येत नाही.