इतिहास घेतलाय, पुढे काय?

'मुलगी काय करते?' 'बी. ए. करतेय.' 'विषय?' 'इतिहास.' यावर समोरची बाई जे 'हं...' करते ना, त्यात सगळं येतं. नोकरी काही नाही, लग्न जमेपर्यंत नाव घातलंय, इतकंच!

महिला मंडळाच्या कामानिमित्त तालुक्याच्या कॉलेजात माझं जाणं होतं. हा विषय का घेतला, असं मुलींना विचारलं की कुणी म्हणते 'सोपा आहे', कुणी म्हणते 'सायन्ससाठी शहरात पाठवलं नसतं', तर कुणी सरळ सांगते, 'घरी बसण्यापेक्षा बरं.' या शेवटच्या उत्तराने जीव तुटतो. तीन वर्षं म्हणजे काय स्टँडवर एसटीची वाट बघणं आहे?

मैत्रिणींनो, इतिहास म्हणजे नुसती सनावळी नाही. हा कागद कुणी लिहिला, कधी, कुणासाठी, त्यात त्याचा फायदा काय आणि याला दुसरा पुरावा कुठला, हे विचारायची सवय म्हणजे इतिहास. ही सवय कचेरीत, कोर्टात, वर्तमानपत्रात सगळीकडे लागते. पण स्पष्टच सांगते, नुसत्या बी. ए.वर काम मिळत नाही. त्याला एखाद्या हुन्नराची जोड हवी.

आपल्या महाराष्ट्रातल्या मुलीसाठी सगळ्यात जवळची जोड म्हणजे मोडी लिपी. साधारण १९५० पर्यंत आपल्याकडचे कितीतरी व्यवहार मोडीत लिहिले जात. जमिनीचे कागद, वाटणीपत्रं, देवस्थानांच्या सनदा, सगळं मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा सरकारी कचेऱ्यांतली जुनी दप्तरं बाहेर निघाली. दप्तरं होती, पण मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली! एरवीही जमिनीच्या वादात वकिलांना असे कागद बालबोधीत उतरवून हवे असतात. हे काम घरी बसून, संसार सांभाळूनही करता येतं.

मोडी शिकायला फार खर्च येत नाही. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. अक्षरं थोड्या दिवसांत ओळखता येतात, खरी कसोटी पुढे असते. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, सगळी ओळ सलग. शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रजी अमदानीतलं वळण वेगवेगळं. कालगणनाही समजावी लागते. शके १७०० म्हणजे इसवी सन १७७८, हे चटकन लक्षात यायला हवं. म्हणून रोज तासभर वाचनाचा सराव पाहिजे. चिकाटी तर आपल्या मुलींकडे आहेच.

ज्यांना आणखी शिकायचंय त्यांना पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. तिथे पुरातत्त्व विषयात एम. ए. करता येतं. याच संस्थेत डॉ. शोभना गोखले यांनी ब्राह्मी शिलालेख आणि जुन्या नाण्यांवर आयुष्यभर काम केलं. त्यांचं कान्हेरीच्या शिलालेखांवरचं पुस्तक अभ्यासक आजही उघडतात. संग्रहालयात काम करायचं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि बडोद्याच्या विद्यापीठात त्याचं शिक्षण मिळतं.

गावाजवळ राहूनच काही करायचं असेल तर किल्ल्यांकडे बघा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ आपल्या राज्यात आहेत, रायगड, पन्हाळा, शिवनेरीपासून थेट साल्हेर, खांदेरीपर्यंत. आलेल्या पाहुण्यांना भाकडकथा न सांगता पुराव्यानिशी माहिती देणारी गाईड मुलगी तिथे का नसावी? सोबत थोडं हिंदी-इंग्रजी बोलायची तयारी मात्र हवी.

बाकीच्या वाटा ओळखीच्या आहेत. शिक्षिका व्हायचं तर बी. एड. आणि पात्रता परीक्षा, कॉलेजात शिकवायचं तर एम. ए. आणि नेट-सेट. पण भरतीची वाट पाहावी लागते, हे आधीच धरून चाला. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. राज्यसेवेच्या परीक्षेत इतिहास असतोच, म्हणजे तेवढा अभ्यास आधीच झालेला. ग्रंथपालाचा अभ्यासक्रमही कुठल्याही पदवीवर होतो.

आयांनो, मुलगी दुसऱ्या वर्षाला असतानाच तिच्याशी बसून बोला. शेवटच्या परीक्षेनंतर बघू, असं म्हटलं की पाहुणे आधी येतात! यातली एक जोड निवडा, सुट्टीत सुरुवात करून द्या. आणि हो, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजेसासऱ्यांचे वळणदार अक्षरातले पिवळे कागद असतील तर रद्दीत घालू नका. लेकीला मोडी शिकवा आणि पहिला सराव तिला त्याच कागदांवर करू द्या.