सामना मैदानावर, आजार मुक्कामावर

दसऱ्याच्या सुमारास शालेय स्पर्धांचा हंगाम रंगात येतो. गेल्या पंधरवड्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाची निवड सतरा वर्षांखालील हॉकी संघात झाली होती आणि संघ परगावी निघाला होता. "डॉक्टर, ताकदीचे एखादे चांगले टॉनिक लिहून द्या," एवढीच त्यांची मागणी होती. टॉनिक मी लिहून दिले नाही, पण अर्धा तास त्या दोघांशी बोललो. ते बोलणे इतर पालकांच्या आणि क्रीडाशिक्षकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातील एका शाळेच्या हॉकी संघाबरोबर मी विदर्भातील एका शहरी गेलो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसने एक दिवस आणि एक रात्र प्रवास झाला. मुक्काम एका शाळेच्या वर्गखोल्यांत होता. बाके भिंतीला लावून सतरंज्या अंथरलेल्या, अठरा मुले, दोन शिक्षक आणि मी. रोज सकाळी मी सगळ्यांना रांगेत उभे करून विचारी, "काय रे, कुणाला काही त्रास?" अठरा माना एकदम नकारार्थी हलत. मीही निश्चिंत होई.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला सामना होता. ऑक्टोबरचे ऊन रणरणत होते. मध्यंतरानंतर आमचा सेंटर हाफ चेंडू घेऊन आपल्याच गोलाकडे धावू लागला. प्रेक्षक हसले. दोन क्षणांनी तो खाली बसला आणि आडवा झाला. जवळ गेलो तर अंग तव्यासारखे तापलेले, आणि प्रश्नाला उत्तर भलतेच. सावलीत नेऊन त्याचा शर्ट, पायमोजे, पॅड काढले, अंगावर बादल्यांनी पाणी ओतत राहिलो, दोघांनी टॉवेलने वारा घातला आणि तसेच ओले ठेवून रुग्णालयात नेले. तीन दिवस सलाईन लागले. पोरगा वाचला.

शुद्धीवर आल्यावर कळले, की आदल्या पहाटेपासून त्याला जुलाब होत होते. सहा वेळा जाऊन आला होता. "अरे, मला का नाही सांगितलेस?" असे विचारले, तर म्हणाला, "काका, सांगितलं असतं तर तुम्ही बसवलं असतं."

चूक त्याची नव्हती, माझी होती. सतरा सवंगड्यांसमोर पोट बिघडल्याचे कोणता मुलगा कबूल करील? त्या दिवसापासून मी हा विषय गांभीर्याने घेऊ लागलो.

पहिली रात्र

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. २०१६ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी याचे कारण दाखवून दिले. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो, जणू पहाऱ्यावर असतो. दुसऱ्या मुक्कामापर्यंत हा फरक ओसरतो. म्हणून शक्य असेल तर संघाने पहिल्या सामन्याच्या दोन रात्री आधी पोहोचावे. घरची चादर आणि उशीचा अभ्रा बरोबर न्यावा. झोपण्याच्या जागा पहिल्या दिवशी ठरवाव्यात आणि त्या बदलू नयेत. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, तेव्हा रात्री नऊला मोबाइल शिक्षकांनी गोळा करून ठेवावेत. घरी एकदा फोन करू द्यावा, मात्र तो जेवणापूर्वी. झोपताना आईचा आवाज ऐकला, की धाकटी मुले रडवेली होतात.

पाणी आणि पोट

मुक्कामाच्या जागेवरील पाण्याची टाकी कधी धुतली आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. सोबत मोठे पातेले न्यावे, पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी आणि ते झाकून गार करावे. ते जमत नसेल, तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. प्रत्येकाची बाटली वेगळी आणि तिच्यावर नाव असावे. एकाच बाटलीला सर्वांनी तोंड लावले, की एकाचा सर्दी-खोकला किंवा गालगुंड संघभर फिरतो. टॉवेलही वेगळा हवा, नाहीतर डोळे येण्याची साथ ठरलेली.

जेवण गरम आणि ओळखीचे असावे. सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात, पोळी, साधी भाजी. मध्यंतरात केळे किंवा चिक्कीचा तुकडा पुरतो. कापून ठेवलेली फळे, बर्फाचा गोळा, पाणीपुरी यांना स्पर्धा संपेपर्यंत रजा द्यावी. नागपूरकडे गेलात तर सावजी रस्सा जरूर चाखा, पण शेवटच्या सामन्यानंतर!

तरीही जुलाब झालेच, तर पहिल्या जुलाबापासून जलसंजीवनी सुरू करावी. हिची महती सांगायला बांगलादेश युद्धाची आठवण पुरेशी आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज व क्षार पाण्यात कालवून ते पिंपांतून रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. साखर आतड्यातून रक्तात जाताना मीठ आणि पाणी आपल्याबरोबर ओढून नेते, हे तिचे साधे रहस्य.

पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात घालावे. अर्धे पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नये. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घ्यावे. मिश्रण अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. अशा पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापण्यास केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ साली मनाई केली, ती याच कारणाने.

जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मुलांना आपल्या मनाने देऊ नयेत. अंगातील पाणी कमी झालेले असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत, कारण त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. जुलाबात रक्त पडले, ताप चढला किंवा प्यायलेले सारे उलटून पडले, तर डॉक्टर गाठावा.

ऊन

कृष्णाकाठच्या हवेत वाढलेल्या शरीराला विदर्भाच्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात शरीर अधिक आणि लवकर घाम गाळायला शिकते, आणि त्या घामातून मीठही कमी जाऊ लागते. इतके दिवस आधी जाणे कुणालाच परवडत नाही. उपाय असा, की निघण्यापूर्वी दोन आठवडे गावातच सराव हळूहळू उन्हाच्या वेळेकडे सरकवावा. पहिल्या दिवशी वीस मिनिटे, मग रोज थोडी वाढ.

पाणी पुरेसे आहे का, हे तहानेवरून नेहमी कळत नाही. लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळा असेल तर ठीक, कोऱ्या चहासारखा असेल तर पाणी कमी पडले. वजनकाटा मिळाला तर सामन्यापूर्वी व नंतर वजन करावे. पन्नास किलोच्या मुलाचे वजन एक किलोने घटले, म्हणजे त्याच्या अंगातून सुमारे लिटरभर पाणी गेले.

उन्हात खेळणारा मुलगा असंबद्ध बोलू लागला, चाल अडखळली, दिशा चुकली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. आधी गार करावे, मग न्यावे. गाडी शोधण्यात घालवलेली दहा मिनिटे फार महाग पडतात. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

पाय आणि डोके

आपली बहुतेक मुले मातीच्या मैदानावर शिकतात. परगावी त्यांना पाणी मारलेले कृत्रिम मैदान मिळते. तिथे चेंडू वेगाने येतो, वाकून धावावे लागते आणि बूट भिजतात. पहिल्या दिवशी पोटऱ्या आणि नडग्या भरून येतात. म्हणून पहिला सराव तासाभराचाच ठेवावा. नवे बूट स्पर्धेत पहिल्यांदा घालू नयेत. मोज्यांचे तीन जोड असावेत, खेळ संपताच पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. फोड आला तर फोडू नये, स्वच्छ पट्टी लावावी.

चेंडू किंवा काठी डोक्याला लागून मुलगा गोंधळला, त्याला ओकारी आली किंवा मघाचे आठवेना, तर त्या दिवशी तो पुन्हा मैदानात उतरता कामा नये. "आता बरं वाटतंय" हे त्याचे म्हणणे प्रमाण मानू नये. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मुलींचे संघ

आपल्या फलटण तालुक्यातील वैष्णवी फाळके भारतीय संघातून खेळली. तिला पाहून आता कितीतरी मुली हाती काठी घेत आहेत. त्यांच्याविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुक्कामाचे स्वच्छतागृह घाण असेल, तर मुली पाणीच पीत नाहीत, म्हणजे जावे लागणार नाही. मग उन्हाचा त्रास, लघवीची जळजळ आणि ताप. संघाबरोबरच्या बाईंनी पोहोचताच आधी स्वच्छतागृह पाहावे, कडी आणि पाणी तपासावे, मग सामान उतरवावे. मासिक पाळीचे साहित्य सर्वांसाठी एका पिशवीत ठेवावे, कुणाला मागावे लागू नये.

विचारण्याची पद्धत

शेवटी पुन्हा त्या मुलाकडे येतो. वरील सर्व काळजी घेऊनही मूल दुखणे लपवील, तर उपयोग शून्य. म्हणून रोज सकाळी प्रत्येकाला बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारावेत. झोप लागली का? पोट साफ आहे ना? लघवी कशी झाली? अठरा मुलांना अर्धा तास पुरतो.

आणि निघण्यापूर्वीच क्रीडाशिक्षकांनी शब्द द्यावा, की जो खरे सांगेल त्याची संघातील जागा त्यामुळे जाणार नाही. हॉकीत तर हे सहज शक्य आहे. या खेळात बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतो. आज विश्रांती घेतलेला मुलगा परवा ताजातवाना उतरू शकतो. पालकांनीही निरोप देताना "जिंकूनच ये" एवढेच म्हणू नये. "काही झालं तर सरांना लगेच सांग, आम्ही रागावणार नाही," हेही म्हणावे.

तो सेंटर हाफ पुढच्या वर्षी पुन्हा संघात होता. निघण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आला आणि हळूच म्हणाला, "काका, कालपासून घसा दुखतोय." मी तपासले, औषध दिले आणि त्याची पाठ थोपटली.