जाड काळी रेघ

स्प्रिंट ओरिएंटियरिंगच्या, म्हणजे नकाशा वाचत धावण्याच्या छोट्या शर्यतीच्या, नकाशाचे प्रमाण १:४०००. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर, आणि कसलेला धावपटू सेकंदाला साधारण तेवढेच अंतर कापतो. नकाशा त्याच्या अंगठ्याखालून दर सेकंदाला मिलिमीटरभर सरकत असतो आणि पुढचे कंट्रोल, म्हणजे नकाशावर खूण केलेले ठिकाण, डावीकडून गाठायचे की उजवीकडून, हे त्याला पळता पळताच ठरवावे लागते. बारा-पंधरा मिनिटांत शर्यत संपते. थांबून चिन्हांची सूची बघायला सवड कुठली!

आपल्याला शाळेपासून माहीत असतात ते भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे. १:५०,००० प्रमाणाच्या अशा नकाशात अहिल्यानगरचा अख्खा भुईकोट किल्ला जेमतेम सेंटीमीटरभर जागेत बसतो. कुठे काय आहे, एवढे तो नकाशा चोख सांगतो. स्प्रिंटच्या धावपटूला मात्र हवे असते वेगळेच उत्तर : इथून जाता येईल का?

२००१ साली फिनलंडमधल्या टाम्पेरे येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्प्रिंट पहिल्यांदा धावली गेली. खेळ जंगलातून बागांत, विद्यापीठांच्या आवारांत, जुन्या पेठांत आला आणि जंगलासाठी घडलेली चिन्हे तोकडी पडू लागली. आंतरराष्ट्रीय ओरिएंटियरिंग महासंघाने स्प्रिंटसाठी वेगळी चिन्हप्रणाली केली. २०१९ मध्ये ती पुन्हा नव्याने बांधली. तिच्यात बारीक रेघ म्हणजे ओलांडता येणारी भिंत, जाड काळी रेघ म्हणजे ओलांडायला बंदी. कुंपणाच्या रेघेला एकेरी फाटे असले तर चालते, दुहेरी असले तर नाही. ऑलिव्ह हिरव्या रंगाच्या जागेत, म्हणजे खाजगी अंगणात किंवा फुलांच्या वाफ्यांत, पाय ठेवायचा नाही. घाणेरीची अभेद्य जाळी गर्द हिरवी.

जाड रेघेची भिंत प्रत्यक्षात कमरेएवढीच निघाली, तरी तिच्यावरून उडी मारणारा धावपटू बाद होतो. नकाशावर आहे तेच खरे. मला या खेळातले हे सर्वांत मोठे शहाणपण वाटते, कारण त्यामुळे उंच आणि बुटक्या खेळाडूंना एकच मार्ग उरतो. पण मग नकाशा काढणाऱ्याची पेन्सिल निव्वळ टिपण करत नाही, ती निवाडा देते.

हा निवाडा ठळक दिसावा म्हणून मापांशी थोडी तडजोड करावी लागते. जाड रेघ ०.४ मिलिमीटरची, जमिनीवर ती होते १.६ मीटर. नऊ इंची विटांच्या भिंतीला एवढी जाडी! अहिल्यानगरच्या माळीवाड्यासारख्या जुन्या वस्तीतला सव्वा मीटरचा बोळ जसाच्या तसा काढला, तर कागदावर ०.३ मिलिमीटर उरतो आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या रेघा त्याला गिळून टाकतात. मग जाणकार नकाशाकार घरे कागदावर किंचित मागे सारतो आणि बोळ मोकळा करतो. बोळाची रुंदी चुकते, पण वाट दिसते. ओटे, पायऱ्यांचे एकेक टप्पे, विजेचे खांब तो बेधडक गाळतो. सगळे दाखवायचा मोह आवरणे हेच या कामातले अवघड कौशल्य.

याच शहरातली फराहबाग घ्या. निजामशाहीतला हा महाल तलावाच्या मधोमध उभारला होता. आता तलाव कोरडा आहे. नियमाप्रमाणे काळ्या काठाचे गडद निळे पाणी बंद, काळ्या काठाविना फिकट निळे उथळ पाणी खुले. पण ज्या खोलगटात उन्हाळ्यात धूळ उडते आणि पावसाळ्यात चिखल साचू शकतो, त्याला कोणते चिन्ह द्यावे? मे महिन्यात आखलेला नकाशा ऑगस्टच्या शर्यतीला तसाच छापू नये. आठवडाभर आधी पुन्हा जाऊन, चालून बघावे; आणि तरीही शंका उरली, तर तो तुकडा सरळ बंद ठेवून कंट्रोल दुसरीकडे हलवावे.