दोन गोळ्या आणि कोरडं बेसिन

लशींच्या इतिहासाचं वेड एकदा लागलं की माणूस औषधाच्या खोक्यातली घडीची माहितीपत्रकंसुद्धा चवीने वाचायला लागतो. माझ्या संग्रहातलं सर्वांत लाडकं पत्रक अमेरिकी सैन्याच्या अ‍ॅडेनोव्हायरस लशीचं आहे. ही लस टोचत नाहीत, गिळतात. एक गोळी पांढरी, दुसरी फिकट पीच रंगाची. पांढरीत टाइप 4 चा विषाणू, दुसरीत टाइप 7 चा. दोन्ही जिवंत, आणि दुबळे वगैरे काही केलेले नाहीत. ज्याला गोळी न चावता गिळता येत नाही त्याला ती देऊ नका, अशी त्यात सक्त ताकीद आहे. गोळीचं कवच जठरातल्या आम्लाला दाद देत नाही, आतड्यात गेल्यावरच विरघळतं. तिथे विषाणू वाढतो, पण ताप-खोकला काही येत नाही आणि शरीर मात्र शहाणं होतं. चावली तर तोच विषाणू घशात सुटणार! रॉबर्ट काउच, रॉबर्ट चॅनॉक आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये ही आडवाट छापून दाखवली. तिच्याइतकी चलाख युक्ती लसशास्त्रात मला दुसरी दिसलेली नाही.

गरज पडली ती रंगरूटांमुळे. देशभरातली पोरं एका बराकीत कोंबायची, झोप तोडायची, दिवसभर पळवायचं. दोन-तीन आठवड्यांत अर्धी बराक खोकत असते. मुरलेले शिपाई मात्र ठणठणीत, कारण त्यांचं दुखणं आधीच काढून झालेलं असतं. 1952-53 च्या हिवाळ्यात मिसुरीतल्या फोर्ट लिओनार्ड वूडमध्ये फ्लूसारखी साथ आली, तेव्हा मॉरिस हिलमन यांच्या पथकाने घशातले नमुने घेतले. फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढतो, हा वाढेना. माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींत तो वाढला आणि त्याला आरआय-67 असं रुक्ष नाव मिळालं. हाच तो अ‍ॅडेनोव्हायरस. (पुढे लेकीच्या घशातून गालगुंडाचा विषाणू घेऊन लस करणारे हिलमन ते हेच.) लसीआधीच्या हिवाळ्यांत 80 टक्क्यांपर्यंत रंगरूटांना संसर्ग व्हायचा आणि सुमारे 20 टक्के इस्पितळात जायचे.

पहिली, टोचायची लस माकडाच्या पेशींतल्या दुसऱ्याच विषाणूने बाटली. 1963 मध्ये तिचा परवाना गेला. 1971 पासून गोळ्या नेमाने मिळू लागल्या आणि बराकी शांत झाल्या. घोळ झाला तो इथेच. बनवणारी कंपनी एकच, वायथ. गिऱ्हाईकही एकच, सैन्य. कारखाना जुना झाला. दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा यावर एकमत होईना. 1996 मध्ये उत्पादन थांबलं. उरलेल्या गोळ्या फक्त हिवाळ्यात देत देत 1999 पर्यंत पुरवल्या. ताप म्हणजे प्रशिक्षणाचाच भाग, असं वरच्यांना वाटत असावं. आजारी पडणारा अठरा वर्षांचा पोरगा काही तक्रार करणार नव्हता. 1997 मध्येच साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला टाइप 4 ची लांबलचक साथ आली. 2000 मध्ये शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स नौदल केंद्रात दोन धडधाकट रंगरूट दगावले. दोघांनाही लस मिळाली नव्हती.

याच ग्रेट लेक्सला 1996 मध्ये ‘ऑपरेशन स्टॉप कफ’ सुरू झालं होतं. हुकूम साधा होता: दिवसातून किमान पाच वेळा हात धुवा. तो अमलात आणायला गेल्यावर आढळलं की बराकीतली बेसिनं कोरडी ठेवायचा दंडक होता. तपासणीला येणाऱ्या साहेबाला थेंब दिसता कामा नये, म्हणून पोरं नळाला हात लावत नसत! तेव्हा उस्तादांना सांगावं लागलं की बेसिन ओलं असलं तरी चालेल. सोबत द्रव साबण बसवला. त्यानंतर श्वसनाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांचं प्रमाण 45 टक्क्यांनी घटलं. साबणाने इतकं साधलं, पण फोर्ट जॅक्सनसारखी साथ केवळ साबणाने रोखता आली असती असं मी म्हणणार नाही. तिथे गोळ्याच हव्या होत्या.

गोळ्या परत आणायला मात्र भरभक्कम पैसा आणि दशक लागलं. 2001 मध्ये बार लॅबोरेटरीजला कंत्राट दिलं गेलं. फोर्ट जॅक्सन आणि ग्रेट लेक्सच्या चार हजारांवर रंगरूटांवर चाचणी झाली. टाइप 4 मुळे तापाने आजारी पडलेले 49 जण निघाले. त्यांतले 48 नकली गोळी घेतलेले, खरी घेतलेला एकटाच. त्यातही खरी गोळी घेणारे नकलीवाल्यांच्या तिप्पट होते, हे लक्षात घ्या. मार्च 2011 मध्ये परवाना मिळाला आणि त्याच वर्षाअखेर बराकींमध्ये वाटप सुरू झालं. पुढच्या दोन वर्षांत अ‍ॅडेनोव्हायरसच्या तापाचं प्रमाण जवळपास शंभर पटीने घसरलं. वर्षाला सुमारे 13,000 तापाचे रुग्ण वाचतात, असा संशोधकांचा हिशेब आहे. आजही ही लस सतरा ते पन्नास वयाच्या अमेरिकी सैनिकांनाच मिळते. वसतिगृहातल्या मुलांना ती कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.