विहिरीत कंदील सोडू नका

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. धुळे तालुक्यात कचऱ्याच्या एका जुन्या ढिगापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या विहिरीवर आम्ही पाण्याचे नमुने घ्यायला गेलो होतो. सकाळचे सात वाजले होते, पण कठड्यावर हात ठेववत नव्हता. पंपाचा फूटव्हॉल्व्ह अडकला म्हणून विहिरीच्या मालकांनी, आबांनी, एका गड्याला खाली उतरायला बोलावलं होतं आणि त्याआधी दोराला पेटता कंदील बांधून ते विहिरीत सोडायच्या तयारीत होते. ज्योत विझली तर माणूस उतरवायचा नाही, ही रीत त्यांना वडिलांकडून मिळालेली. मी धावत जाऊन दोर धरला.

ती रीत खोटी नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो विहिरीच्या तळाशी साचतो, तिथे ज्योत विझते, आणि या साध्या परीक्षेने कितीतरी जीव वाचले असतील. पण कुजणारा कचरा त्याच्याबरोबर जवळपास तेवढाच मिथेनही सोडतो. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असेल तर ज्योत विझत नाही, भडका उडतो. ढिगाशेजारच्या विहिरीत कंदील सोडायचाच नाही. आम्ही वायुमापकाची नळी दोरीने हळूहळू खाली सोडली. कठड्यापाशी ऑक्सिजन 20.9 टक्के होता. नळी खाली जाऊ लागली तसा आकडा उतरत गेला, 19.5 च्या खाली गेला. गड्याला परत पाठवलं.

मग आबांनी जे विचारलं, त्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे. "ढीग खाले शे, मनी इहीर वर शे. मंग पानी कसं बिघडनं, भाऊ?"

प्रश्न अचूक होता. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी भूजलाच्या उताराने जातं, म्हणून तपासणीच्या विहिरी बहुतेक वेळा ढिगाच्या खालच्या अंगाला धरतात आणि वरच्या अंगाची एखादी विहीर तुलनेसाठी 'स्वच्छ' मानतात. वायू मात्र उतार पाहत नाही, त्याला वाट मिळेल तिकडे तो जातो. धुळ्याच्या बेसाल्टमध्ये वाटा भरपूर आहेत: वरचा मुरूम, त्याखालच्या भेगा, सच्छिद्र मांजऱ्या खडक. शिवाय या जिल्ह्यात खडकाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाईक, ठिकठिकाणी पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. कुठे त्या पाणी अडवतात, कुठे त्यांच्याच भेगांमधून ते वाहतं. एकाच डाईकच्या दोन बाजूंच्या विहिरी वेगळी पातळी दाखवतात, म्हणून नकाशावरचा उतार इथे पुरत नाही. जळगावकडे गोष्ट वेगळी. महापालिकेचा घनकचरा प्रकल्प आव्हाणे शिवारात, गिरणेच्या खोऱ्यात आहे. नदीच्या गाळात वाळूचे आणि चिकणमातीचे थर एकाआड एक लागतात, आणि पाणी व वायू दोघेही वाळूचा थर धरून चालतात.

वायूने पाणी बिघडलं की काळ्या पाण्याने, हे कळतं कसं? काळं पाणी आलं असेल तर क्लोराइड वाढतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिलीग्रॅम आहे. क्लोराइड ढिगापासून लांबच्या विहिरींइतकंच असेल, पण पीएच उतरला असेल, कडकपणा आणि बायकार्बोनेट चढले असतील, तर संशय वायूवर जातो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवून घेतं. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात लोहही विरघळतं. उपसताना नितळ दिसणारं पाणी बादलीत तासाभराने तांबूस होतं, ते यामुळेच. आबांच्या घरची धुतलेली धोतरं पिवळी पडत होती.

म्हणून पीएच विहिरीवरच मोजावा लागतो. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि पुरावाच नाहीसा होतो. आधी कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून पाण्याची पातळी टेपने मोजायची. निरीक्षणाची विंधण विहीर असेल तर पाइपात उभ्या असलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसून टाकायचं, कारण आपल्याला खडकातलं ताजं पाणी हवं असतं. धातू तपासायच्या नमुन्याच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे. सगळ्यांत नाजूक काम उडून जाणाऱ्या द्रव्यांच्या काचेच्या कुपीचं. ती काठोकाठ, पाणी फुगून वर येईपर्यंत भरायची, अलगद झाकण फिरवायचं, उलटी करून टिचकी मारायची. एक बुडबुडा दिसला तरी ती टाकून दुसरी भरायची, कारण जे मोजायचं तेच त्या बुडबुड्यात निघून जातं.

वेळेचंही भान लागतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. पातळीसाठी हा क्रम योग्यच आहे. ढिगाभोवती मात्र मी जूनचा पहिला पाऊसही धरतो. मे महिन्यात खानदेशातल्या काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांतून वायू सरळ वर निघून जातो. पहिल्या पावसात माती फुगते, भेगा मिटतात. वरची वाट बंद झालेला वायू मग मुरुमातून आडवा सरकतो आणि विहिरीत उतरतो. वादळापूर्वी हवेचा दाब उतरतो तेव्हाही तो जमिनीतून जास्त निघतो. कोरड्या दुपारी घेतलेला निर्धोक आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी खोटा ठरू शकतो.

2016 च्या घनकचरा नियमांत भरावाच्या जागी मिथेन स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या 25 टक्क्यांपुढे जाऊ नये, असं म्हटलं होतं. म्हणजे हवेत 1.25 टक्के. त्यासाठी वायू ढिगातच पकडावा लागतो. कचऱ्यात छिद्रांचे पाइप उभे करतात, भोवती खडी भरतात, ब्लोअरने वायू ओढून जाळतात. मुंबईत 1972 पासून चाललेला गोराईचा डेपो 2007 मध्ये बंद झाल्यावर तो झाकून वायू असाच गोळा केला गेला. यात हात सांभाळून चालवावा लागतो. ओढ कमी पडली तर वायू बाजूला सरकतो, जास्त झाली तर बाहेरची हवा आत शिरते आणि ढीग आतून पेटतो. प्रत्येक पाइपाची चावी ऑक्सिजनचा आकडा पाहत थोडी थोडी फिरवावी लागते.

अस्तर न घालता रचलेल्या जुन्या ढिगांवर ढीग उकरून, कचरा वारंवार पालटून, सुकवून चाळण्याचा उपायही होतो; त्यालाच बायोमायनिंग म्हणतात. मला तो अधिक पटतो, कारण त्यात वायूचं मूळच उचललं जातं. पण उकरताना अडकलेला वायू एकदम मोकळा होतो, तेव्हा मशीनजवळ वायुमापक हवाच.

आबांना मी एवढंच सांगितलं की विहिरीचं पाणी सध्या कोणी पिऊ नका, आणि आत कोणी उतरू नका. त्यांनी कंदील विझवून बाभळीच्या खुंटीला टांगला. "पाऊस पडना का येशी ना?" त्यांनी विचारलं.

जूनच्या पहिल्या सरीनंतर तिसऱ्या दिवशी मी तिथे होतो, चिखलात बूट रुतवत, कुप्यांची पेटी खांद्यावर घेऊन. पहिल्या कुपीत बुडबुडा निघाला. ती ओतून दिली आणि दुसरी भरायला घेतली.