मनमाडच्या पलीकडची मास्तरकी

इंग्रजी शिकविण्याकरिता परदेशी जावयाचे, असे घरात कोणी बोलून दाखविले की वडील मंडळींच्या डोळ्यांपुढे विमान, बर्फ आणि लोकरीचे कपडे उभे राहतात. आजच्या तरुणाच्या बाबतीत ते योग्यही असेल. परंतु १९३० च्या सुमारास पुण्याच्या एखाद्या पदवीधरास परमुलखात मास्तरकी करावयाची, तर त्यास समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. दौंडवरून मनमाड गाठावे, तेथे निजामच्या राज्यातील लहान रुळांच्या गाडीत बसावे, आणि औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू अशी स्टेशने मागे टाकीत परभणीस उतरावे. परमुलूख आला!

आला खरा, पण तो ओळखू येत नसे, हीच अडचण होती. विलायतेस जाणारा मनुष्य सर्व काही निराळे असणार अशा तयारीने जातो. परभणीस उतरणाऱ्याच्या कानी मराठी पडे. घराघरात तेच सण, तीच व्रते. जवळच गंगाखेडास जनाबाईंचे जन्मस्थान. तेव्हा आपण आपल्याच माणसांत आलो, आता सामान सोडले की झाले, असे त्यास वाटे. माझ्या मते अशा शिक्षकाची खरी परीक्षा शाळा सुरू होण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत होत असे, आणि मुलांना ती कधी दिसतही नसे.

प्रथम पैशाची गोष्ट घेऊ. हैदराबाद संस्थानाचे नाणे निराळे. त्यास हाली म्हणत. इंग्रजी रुपया तो कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा साधारण भाव असे. पगार सत्तर रुपये ठरला म्हणून आईस आनंदाने लिहून कळवावे, आणि पुण्यास पाठविताना त्याचे साठच व्हावेत! एकत्र कुटुंबात ज्या मुलाच्या मनीऑर्डरीवर धाकट्या भावाची फी अवलंबून असे, त्यास हे गणित पहिल्याच महिन्यात पाठ करावे लागे. पत्राचीही तीच तऱ्हा. निजामी टपालाची तिकिटे संस्थानापुरती. पुण्याचे पत्र इंग्रजी डाकघरातच टाकावयाचे. संस्थानची जकात, म्हणजे करोडगिरी, हीदेखील स्वतंत्र होती.

त्यानंतर दिवसवार. सरकारी सुट्टी शुक्रवारी. रविवारी कचेऱ्या चालू. दप्तरात सन फसली: इसवी सनातून सुमारे ५९० वजा करावे म्हणजे तो निघे. १९३७ च्या ऑक्टोबरात १३४७ फसली लागले. वर्षाचा आरंभ आजूर महिन्याने, मग दै, बहमन, इस्फंदार... घरात चैत्र-वैशाख आणि शाळेच्या पटावर आजूर-बहमन, अशा दोन काळांत एकच मूल वाढत होते. शाळांची नावेही निराळी: प्राथमिक ती तहतानिया, मधली वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. जिल्ह्याचा कलेक्टर तो अव्वल तालुकदार. पुणेकर ‘अर्ज’ करी तेथे परभणीकर ‘दरखास्त’ देई. गंमत ही की दोन्ही शब्द फारसीतूनच आलेले. परंतु आपला तेवढा मराठी आणि दुसऱ्याचा यावनी, असे मानण्याची खोड आपल्याला फार जुनी आहे.

घर लावणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला जे येई ते कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. माळवदाचे घर, करडईचे तेल, ज्वारीची भाकरी, पावसाळ्यात पायास चिकटून बसणारी काळी माती. कोकणातून पुण्यास येऊन भातावर वाढलेल्या मुलीस भाकरी थापावयास शेजारीण शिकवी, आणि त्या शेजारणीमुळेच पुष्कळदा बिऱ्हाड टिके. मास्तरांस गावाने मानले की नाही, हे शाळेच्या आधी पाणवठ्यावर ठरत असे.

आता शिकविण्याविषयी. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापन उर्दूतून चाले. इंग्रजी मात्र आवश्यक विषय होता. म्हणजे मूल घरी मराठी बोले, भूगोल आणि गणित उर्दूतून शिके, आणि त्या दोहोंवर इंग्रजी. एक लिपी उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे! तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढलेल्या शिक्षकाने मराठीच्या आधारे व्याकरण सांगावे, तर वर्गातील निम्म्या संज्ञा मुलांना उर्दूतूनच ठाऊक. ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणणाऱ्या मुलास हसणे सोपे होते. उर्दू बोलणाऱ्याच्या जिभेस आरंभीचे जोडाक्षर जड जाते, हे समजून घेणे त्याहून अवघड. म्हणून जो शहाणा असे तो वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी मुन्शी लावून अलिफ-बे गिरवू लागे. पदवीधराने पाटी घेऊन बसावे यात कमीपणा काही नाही. उलट नवशिक्याचे हाल ताजे असताना मनुष्य चांगला शिकवितो.

परक्याला दरवाजेही मोजकेच उघडे होते. १९१९ च्या मुल्की नियमांप्रमाणे सरकारी नोकरी मुल्की माणसास, आणि बाहेरच्यास मुल्की होण्यास पंधरा वर्षांचे वास्तव्य लागे. त्यामुळे गैरमुल्की शिक्षकाची जागा बहुधा खाजगी शाळेत. त्या शाळेसही सरकारी परवानगी हवी. सभा भरविण्यावर गश्ती क्रमांक ५३ चे बंधन होते. बाहेरून आलेला सुशिक्षित मराठी मनुष्य संशयास पात्र ठरे, आणि तो संशय सर्वस्वी निराधार होता असेही म्हणवत नाही. सोलापूर व पुणे येथे शिकलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, १९३५ साली अंबाजोगाईच्या शाळेत गेले, आणि १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले, तेव्हा ते गाव परभणी जिल्ह्यातच होते.

या साऱ्या खटपटीचे मोल १९३८ च्या अखेरीस कळले. ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानियातून शेकडो विद्यार्थी काढले गेले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. तेथे उर्दूचा उपयोग नव्हता. अध्यापन इंग्रजीतून होते. ज्या मुलांना गावच्या शाळेत कोणी धीराने इंग्रजी शिकविले होते, ती मुले त्या वर्गांत बसू शकली. बाकीच्यांना तेथे, वयाच्या विसाव्या वर्षी, नवी भाषा उभ्या उभ्या गाठावी लागली.